ते डोकं, ती साखर

निवृत्तीनंतर स्पॅनिश शिकायला घेतलं आणि पहिल्याच आठवड्यात माझं डोकं माझं राहिलं नाही. म्हणजे व्याकरणाने. डोकं दुखलं की स्पॅनिश माणूस म्हणतो, ‘मे दुएले ला काबेसा’. मला ‘ते’ डोकं दुखतंय. ते म्हणजे कुठलं? शेजारच्यांचं? तर तसं नाही. दुखतंय कुणाला हे ‘मे’ने सांगून टाकलंय, मग डोकं कुणाचं ते पुन्हा कशाला सांगा, असा त्यांचा रोख हिशेब. हातसुद्धा ‘ते’ हातच धुतात.

‘मे गुस्ता एल काफे’ ऐकून जरा बरं वाटलं. मला कॉफी आवडते. चाल थेट आपली, ‘मला’पासून सुरू होणारी. फक्त मध्ये तो ‘एल’. आवडायची म्हटली की कॉफीला ‘एल’ लागतो, नुसती हवी असली की लागत नाही, ‘किएरो काफे’ एवढ्यावर भागतं. पाण्याची तऱ्हा आणखी वेगळी. ‘आग्वा’ स्त्रीलिंगी, तरी तिच्यामागे पुल्लिंगी दिसणारा ‘एल’, कारण ‘ला आग्वा’ म्हणताना दोन ‘आ’ एकमेकांवर आपटतात. गार असली की मात्र ती ‘फ्रीआ’, स्त्रीलिंगीच. यावर हसायचा हक्क आपल्याला नाही. एकाच ताटात तो भात, ती पोळी आणि ते वरण वाढणारी माणसं आपण.

सगळ्यात जीव जडला तो ‘एल आसूकार’वर. आपली शर्करा पश्चिमेकडे निघाली, अरबांकडे ‘सुक्कर’ झाली. त्यांचं उपपद तिला असं चिकटलं की स्पेनमध्ये पोचेपर्यंत ते नावातच विरघळून गेलं. स्पॅनिश लोकांना पत्ताच नाही, त्यांनी वर आपलं एक लावलं. म्हणजे चहात चमचाभर साखर आणि दोन उपपदं. इकडे आपल्या डब्यातली साखर बिचारी एकाही उपपदाशिवाय गोड लागते.

हे ‘एल’ आणि ‘ला’ म्हणजे लॅटिनमधले ‘तो’ आणि ‘ती’च, बोट दाखवून दाखवून झिजलेले. मराठीत असलं काही नाही, या निष्कर्षाला येऊन मी समाधानाने वही मिटत होतो. तेवढ्यात आतून बायकोचा फोनवरचा आवाज आला:

“हे ना? हे बसलेत स्पॅनिश करत.”