सुपर बोल बघण्यापूर्वी: मुलाकडे अमेरिकेत आलेल्या आईबाबांसाठी

फेब्रुवारीतल्या दुसऱ्या रविवारी मुलाकडे मित्रमंडळी जमली की सोफ्यावरची मधली जागा धरावी आणि पहिला अर्धा तास काही विचारू नये. ‘हे रग्बीच ना?’ हे तर मुळीच नाही.

हा अमेरिकन फुटबॉल रग्बीतूनच निघाला, हे खरं. पण 1880 साली येलच्या वॉल्टर कॅम्पने चेंडू एका संघाच्या ताब्यात देऊन दर वेळी नव्याने मांडणी करायची रीत आणली, आणि घरं वेगळी झाली. 1905 मध्ये मैदानावर इतकी पोरं दगावली की अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टना मध्ये पडावं लागलं. पुढच्याच वर्षी चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली. रग्बीत तो आजही गुन्हा आहे.

हेल्मेट आणि खांद्यांवरचं चिलखत पाहून खेळाडूंना भित्रे म्हणू नये. रग्बीत चेंडू नसलेल्याला अडवता येत नाही. इथे पाच-सहा दांडगे गडी चेंडूला जवळजवळ हातही न लावता नेमका अडवण्याचाच पगार घेतात.

हिशेब क्रिकेटवाल्याला लगेच कळतो. चार चेंडूंची ओव्हर, त्यात दहा यार्ड काढायचे. जमलं तर पुन्हा चार. मौज त्यांच्या मोजणीत आहे. आठ-दहा जण एकमेकांवर पडलेले, चेंडू सगळ्यांत खाली. पंच ढिगारा उपसतो, जरा अंदाज घेतो आणि चेंडू ‘इथे’ म्हणून ठेवतो. मग पूर्वी कडेची माणसं दोन खांब आणि साखळी घेऊन धावत यायची, आणि बांधाच्या मोजणीला भावकी जमते तसे सगळे वाकून बोटभर अंतर बघायचे. 2025 पासून एनएफएल या व्यावसायिक लीगने ही मोजणी कॅमेऱ्यांवर सोपवली. चेंडू कुठे ठेवायचा ते मात्र पंच अजून डोळ्यांनीच ठरवतो. यावर हसू आलं तर खोकावं.

दोन खेळींमध्ये बैठक असते. तीत काय ठरतं ते विचारू नये. खेळी चालवणाऱ्या क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये प्रशिक्षक बोलतो, एवढं पुरे. अशा बैठकांमुळेच 60 मिनिटांचा खेळ तीन तासांवर जातो. रग्बी 80 मिनिटांत आटोपते, कबड्डी 40 मिनिटांत, आणि कबड्डीत चढाईला गेलेल्याच्या कानात कुणी बोलत नाही. माझं मत विचाराल तर पकडापकडीत कबड्डीला तोड नाही, पण हे त्या दिवशी मनातच ठेवावं.

पाहुण्यांत एखादा इंग्रज रग्बीवाला निघाला, तर त्याला कलकत्ता कपाची आठवण करून द्यावी. कलकत्त्याचा रग्बी क्लब मोडला तेव्हा त्यांनी बँकेतले चांदीचे रुपये काढून, वितळवून हा करंडक घडवला: नागांचे कान, झाकणावर हत्ती. इंग्लंड आणि स्कॉटलंड 1879 पासून त्यासाठी भिडतात. रुपये आपल्याकडचे होते, हे हसत हसत सांगावं.

टचडाउनला सहा गुण. रग्बीतल्या ट्रायला पाच, पण तिथे चेंडू जमिनीला टेकवावा लागतो. इथे रेषा ओलांडली की झालं. टाळ्या शेजारच्याकडे बघून वाजवाव्यात.

शेवटची दोन मिनिटं उरली की पंच खेळ थांबवून तसं जाहीर करतात. खरी हाणामारी आता सुरू होते. घड्याळ दर थोड्या वेळाने थांबतं आणि मध्ये जाहिराती असतात. मुलगा म्हणेल, ‘आई, दोनच मिनिटं.’ पानं वाढायला घेऊ नयेत.