नाही म्हणायला शिकवणाऱ्या सरांस

प्रति,
मा. प्रमुख मार्गदर्शक,
संशोधक विद्यार्थ्यांसाठी ताणमुक्ती व कौशल्यविकास, दोन दिवसीय कार्यशाळा,
मुक्काम धुळे.

विषय : तीन वेळा मोठ्यांदा 'नाही' म्हटल्याबाबत.

महोदय,



कार्यशाळेला तीन आठवडे झाले. प्रमाणपत्र मिळालं. त्यावर माझं आडनाव चुकलंय, पण ताण घ्यायचा नाही हे आपण शिकवल्यामुळे मी तो घेतला नाही. पाचशे रुपये नोंदणी शुल्कात चार चहा, दोन वेळची शेवभाजी, एक फाइल, एक पेन आणि मनःशांती, एवढं सगळं हल्ली देतं कोण? पेन दुपारीच बंद पडलं, ती गोष्ट वेगळी.

'वेळेचं व्यवस्थापन' हे पहिलं सत्र दहाला होतं. उद्घाटक पावणेबाराला आले. मग दीपप्रज्वलन. डिसेंबर 2023 मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात तेव्हाच्या एका उपमुख्यमंत्र्यांनी विचारलं होतं, ही पोरं पीएच.डी. करून काय दिवे लावणार आहेत? बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या फेलोशिपवरून विधान परिषदेत चर्चा चालली होती, तेव्हाची गोष्ट. त्याचं उत्तर मला त्या दिवशी धुळ्यात मिळालं. दिवा आम्ही लावतच नाही. तो गाईड लावतात. पंखा बंद करणं आणि काडेपेटी पुढं करणं एवढं आमच्याकडे असतं. मे महिन्यात, धुळ्यात, पंखा बंद.

असो. मूळ विषयावर येतो.

पहिल्या दिवशी जेवणानंतर, अर्धा हॉल पेंगत असताना, आपण आम्हा छत्तीस जणांना उभं केलंत. म्हणालात, 'तुमच्या ताणाचं मूळ एकच. तुम्हाला नाही म्हणता येत नाही.' खांदे सरळ. नजर समोर. आवाज पोटातून. म्हणा, नाही! आम्ही म्हटलं. 'जेवला नाहीत का?' आम्ही पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा तर असं काही म्हटलं की बाहेर चहाची किटली घेऊन उभा असलेला पोऱ्या परत फिरला. त्याला वाटलं, चहा नको.

नजर समोर म्हणालात म्हणून समोर पाहिलं. समोर पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर माझे गाईड बसले होते. कार्यशाळेचे संयोजकही तेच. ते टाळ्या वाजवत होते. कौतुकानं बघत होते माझ्याकडे.

साडेपाचला त्यांनी बोलावलं. 'अरे, ती शाल नि बुके गाडीत ठेव. आणि उद्या माझा साडेसातचा बी.ए.चा जादा तास घेऊनच इकडं ये.' मी खांदे सरळ केले, नजर समोर ठेवली, पोटातून आवाज काढला आणि म्हणालो, 'हो सर.'

आपण शिकवलेलं कौशल्य माझ्याकडे आता पूर्णपणे आहे. त्याचा वापर मी रिक्षावाल्यांवर, कार्ड विकणाऱ्या बँकांवर आणि आईवर करतो. आई पारोळ्याजवळच्या गावी असते. फोनवर ती एकच विचारते, 'भाऊ, तुनं ते पुस्तक कव्हय व्हई?' तिला ते पुस्तकच वाटतं. मी चिडून म्हणतो, माहीत नाही. बघा, नाही म्हणता येतं.

आता ते पुस्तक कुठं अडलंय ते सांगतो. आपण विचारलं नव्हतंत, तरी सांगतो.

माझा विषय रावेर-यावल पट्ट्यातल्या केळी कापणाऱ्या मजुरांचा. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं कौतुक सगळीकडे झालं. तो घड खांद्यावर घेऊन बागेतून ट्रकपर्यंत नेणाऱ्याला काय मिळतं, ते कुणी लिहिलेलं मला दिसलं नाही म्हणून मी लिहायला घेतलं. खांद्यावर घड असलेला माणूस थांबून मुलाखत देत नाही. त्याच्या मागून पाटाच्या चिखलातून चालत चालत विचारावं लागतं, आणि उत्तर तो परत येताना देतो. केळीच्या चिकाचा डाग कपड्यावरून जात नाही. माझे तीन शर्ट त्यात गेले. पहाटे पाचला उठून ध्यान करा असं आपण सांगितलंत तेव्हा मला हसू आलं ते एवढ्यासाठीच. पाचला मी बागेत असायचो, आणि ध्यान पायाखाली, कारण मे महिन्यात पाटाच्या गारव्याला साप येतात.

त्यातून तिसरं प्रकरण झालं. एकशे चार पानं, स्पायरल बायंडिंग, निळं कव्हर. गेल्या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी जळगावहून धुळ्याला एसटीनं आणलं. पाळधी, एरंडोल, पारोळा, नव्वदेक किलोमीटर, पूर्ण वेळ मांडीवर. वर ठेवलं तर पिशव्यांखाली चेपेल म्हणून. सर म्हणाले, 'ठेव. बघतो.'

ते प्रकरण सरांच्या दिवाणखान्यात टीव्हीच्या कपाटावर आहे. गेलो की आधी तिकडं नजर जाते. पावसाळ्यात त्यावर कूलरचं मॅन्युअल होतं, दिवाळीत फराळाचा रिकामा डबा, लग्नसराईत पत्रिकांचा गठ्ठा. जानेवारीत एकदा ते जागेवर नव्हतं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! सर वाचतायत! तेवढ्यात आतून त्यांचा नातू आला. पाठकोरी पानं म्हणून त्याला चित्रं काढायला दिलं होतं. मजुरीच्या दरांच्या तक्त्यामागे त्यानं हत्ती काढलाय. चांगला काढलाय. निदान कुणीतरी पानं उलटली.

या आखाजीला वर्ष झालं. त्या प्रकरणात ज्याला मी 'सध्याचा दर' म्हटलं होतं तो आता जुना आहे. आणखी थोडं थांबलं तर अर्थशास्त्राऐवजी इतिहासात नोंदणी बदलून घ्यावी लागेल.

नियम मी वाचलेत. पीएच.डी.ला कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, पुनर्नोंदणी करून आणखी दोन. यूजीसीच्या 2022 च्या नियमावलीत प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी, अशी मर्यादा आहे. प्रबंध सादर झाल्यावर सहा महिन्यांत सगळं मूल्यमापन उरका, असंही आहे. पण हातात आलेलं प्रकरण गाईडनं किती दिवसांत वाचावं, हे कलम मला सापडलं नाही. विद्यार्थ्यानं मात्र दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल द्यायचा आणि त्यावर गाईडची सही आणायची. म्हणजे त्यांच्यामुळे न झालेल्या प्रगतीचा अहवाल मी त्यांच्याच सहीनं देतो. शेरा दरवेळी एकच असतो : 'काम समाधानकारक, गती वाढवावी.'

दुसऱ्या दिवशीचे फुगे आठवतात ना? ताणाचं कारण फुग्यावर स्केचपेननं लिहा आणि फोडा. मी लिहिलं, 'प्रकरण तिसरे'. तेवढ्यात फोटोसाठी गाईड माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. मी थुंकी लावून ते पुसलं आणि लिहिलं, 'मोबाइलचा अतिवापर'. टाचणी लावली, फुगा फुटला, सगळे हसले, फोटो नॅकच्या फाइलमध्ये गेला.

सर, त्या खोलीत असे छत्तीस फुगे होते. किती जणांनी खरं लिहिलं असेल? आणि ज्यांनी लिहिलं नाही त्यांना आपण शेवटच्या सत्रात सांगितलंत की दृष्टिकोन बदला, परिस्थिती आपोआप बदलेल. राग आला तो तिथं. माझ्या रूमपार्टनरनं सहा वर्षं दृष्टिकोन बदलला. गेल्या वर्षी त्यानं पेटी बांधली आणि गावी गेला. आता ठिबकच्या नळ्यांच्या दुकानात हिशेब लिहितो. हुशार होता, माझ्याहून फार हुशार होता. जाताना म्हणाला, मलाच जमलं नाही यार. त्यालाच जमलं नाही! हे त्याच्या डोक्यात कुणी भरवलं? मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला उच्च शिक्षण संस्थांतल्या विद्यार्थ्यांचं मानसिक आरोग्य आणि आत्महत्या या प्रश्नावर निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिदल नेमावं लागलं. पोरांनी श्वास चुकीच्या नाकपुडीनं घेतला म्हणून नाही नेमलं ते. दोन दिवसांतली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे आपल्या शेवटच्या स्लाइडवरचा टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक, 14416. तो दिसला, आणि आभारप्रदर्शनासाठी प्रोजेक्टर बंद झाला. मी तो इथं पुन्हा लिहितो, कुणाला लागला तर.

कौशल्यांबद्दल एकच ओळ लिहिणार होतो, पण धुळ्यात बसून ते शक्य नाही. आपला हॉल ज्या गावात होता त्याच गावात राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य राजवाडे 31 डिसेंबर 1926 ला इथंच गेले आणि पुढच्याच वर्षी लोकांनी त्यांचे कागद, दप्तरं सांभाळायला मंडळ उभं केलं. वाडे, माळे, देवघरं धुंडाळून त्या माणसानं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड छापले. बावीस! त्यांना गाईड नव्हता, हे त्याचं एक कारण असावं असा माझा अभ्यासू कयास आहे. तिथं अर्धा दिवस नेलं असतंत, जुना कागद हातात कसा धरायचा एवढं जरी कुणी दाखवलं असतं, तरी मी त्याला कौशल्य म्हटलं असतं. आम्ही त्या वेळात वर्तमानपत्राचा मनोरा बांधत होतो. आमच्या गटाचा पडला.

हे पत्र इथंच संपवून मी खवचटपणे सही करणार होतो. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आपण मला धुळ्याच्या स्टँडवर दिसलात.

ब्लेझर हातावर होता. आपण नाशिकच्या गाडीची वाट बघत वडापाव खात होतात, उभ्यानं. मी ओळख दिली तर आपण आधी दचकलात, मग सरकून जागा केलीत. गाडी लागेपर्यंत पाऊण तास होता. त्यात कळलं की आपणही पीएच.डी. आहात. आठ वर्षं लागली. दोन कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवता, उन्हाळ्यात तासिका नसतात म्हणून कार्यशाळा घेता. फुगे घरून आणता, कारण त्याचे पैसे वेगळे मिळत नाहीत. 'खरं तर माझा विषय भूगोल,' आपण म्हणालात आणि कागदानं बोटं पुसलीत.

मी विचारलं, मानधन मिळालं का?

'व्हाउचरवर सही राहिलीय. संयोजक सर दुपारीच एका लग्नाला गेले. पाठवून देतो म्हणालेत.'

'मग तुम्ही काय म्हणालात?'

आपण थोडा वेळ फलाटावरच्या गाडीकडे बघत राहिलात. म्हणालात, 'हो सर म्हटलं. सावकाश द्या म्हटलं.'

नाशिकची गाडी लागली. आपण फुग्यांची पिशवी उचललीत आणि धावत जाऊन खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलीत. त्या क्षणी आपण मला दोन दिवसांत पहिल्यांदा तज्ज्ञ वाटलात.

म्हणून, सर, एक विनंती. पुढच्या कार्यशाळेत बैठकव्यवस्था बदला. आम्हाला सोफ्यावर बसवा. गाईड, संयोजक, विभागप्रमुख यांना जेवणानंतर उभं करा. खांदे सरळ, नजर समोर, आवाज पोटातून, आणि तीन वेळा म्हणून घ्या, 'वाचतो'. टाळ्या आम्ही वाजवू. नोंदणी शुल्क हजार ठेवलंत तरी चालेल.

आपला,
एक संशोधक विद्यार्थी (पाचवं वर्ष)

ता. क. परवा सरांकडे गेलो होतो, गॅसचा नंबर लावायचा होता. टीव्हीच्या कपाटावर निळं कव्हर होतं, आणि त्याच्यावर आपलं व्हाउचर. वाऱ्यानं उडू नये म्हणून वर रिमोट ठेवला होता. मी रिमोट बाजूला करून पाहिलं. सही झालेली नाही.