अंगण सरळच आहे

साठ मीटरच्या शर्यतीत धावण्याइतकंच थांबणंही अवघड. शेवटची रेषा ओलांडली की पुढे जेमतेम जागा आणि मग थेट भिंत. भिंतीला जाडजूड गाद्या लावून ठेवलेल्या असतात आणि जगातले सर्वांत वेगवान गडी त्यांवर जाऊन धडकतात. युरोप-अमेरिकेत हिवाळ्यात बाहेर पळण्याची सोय नसते, म्हणून हा छपराखालचा खटाटोप. शंभर मीटर आत मावत नाहीत, म्हणून साठ. (आपल्याकडे उलटं. जानेवारीत जरा गारवा आला की माणसं घराबाहेर पळत सुटतात, मुंबईत तर बेचाळीस किलोमीटर.)

नमनाला मात्र घडाभर तेल. २०२४ च्या मार्चमध्ये ग्लासगोच्या जागतिक इनडोअर स्पर्धेत प्राथमिक, उपांत्य आणि अंतिम अशा तिन्ही फेऱ्या एकाच दिवशी उरकल्या. विजेता ख्रिश्चन कोलमन. दिवसभर अंग गरम करून, बूट बांधून, पुन्हा अंग गरम करून गडी पळाला किती, तर सगळं मिळून वीस सेकंदही नाही.

मला ही शर्यत आवडते ती तिच्या खडूसपणामुळे. इथे अंगण वाकडं असल्याची तक्रारच करता येत नाही. वारा नाही, पाऊस नाही, डोळ्यांवर ऊन नाही. आणि सुरुवात चुकली, तर ती निस्तरायला पुढे अंतरच उरत नाही. नोहा लाइल्सला विचारा. ग्लासगोत तो कोलमनच्या मागे राहिला, ६.४१ ला ६.४४. त्याच वर्षी पॅरिसला शंभर मीटरच्या अंतिम फेरीत पहिल्या तीस मीटरला तो सर्वांच्या मागे होता आणि तरी ऑलिंपिक सुवर्ण घेऊन गेला. शंभर मीटर उधारी ठेवतात. साठ रोखीचे.

पळणाऱ्यांच्या सबबी अशा काढून घेतल्या, पण नियमवाल्यांच्या शाबूत आहेत. १९ जानेवारी २०१८ ला कोलमन क्लेमसनला ६.३७ पळाला. मॉरिस ग्रीनचा ६.३९ चा विक्रम मोडला, टाळ्या झाल्या. मग कळलं की तिथल्या स्टार्टिंग ब्लॉक्सना चुकीची सुरुवात पकडणारं इलेक्ट्रॉनिक यंत्रच जोडलेलं नव्हतं. विक्रम नामंजूर. त्यानं फार वाद घातला नाही. महिनाभरात अल्बुकर्कीला जाऊन ६.३४ पळाला. हा मात्र मंजूर. जागा होती एक कन्व्हेन्शन सेंटर, म्हणजे एरवी प्रदर्शनं आणि परिषदा भरतात तो हॉल, आणि तो समुद्रसपाटीपासून सुमारे सोळाशे मीटर उंचीवर. मैदानात पाठीमागचा वारा सेकंदाला दोन मीटरहून जास्त निघाला की विक्रम बाद होतो. पण समोरची हवाच विरळ असली, तर हरकत नाही. ढकललेलं चालत नाही, वाट मोकळी करून दिलेली चालते.

त्यात उसेन बोल्टचा घोळ वेगळाच. २००९ मध्ये बर्लिनला तो ९.५८ मध्ये शंभर मीटर पळाला, तेव्हा साठ मीटरची खूण त्यानं ६.३१ सेकंदांत ओलांडली होती. म्हणजे कोलमनच्या विक्रमाहूनही कमी वेळात. पण डोक्यावर छप्पर नव्हतं आणि गडी साठावर न थांबता आणखी चाळीस मीटर गेला, त्यामुळे साठ मीटरच्या वहीत त्याला जागा नाही.

बायकांच्या वहीत तर शाई केव्हाच वाळली आहे. रशियाची इरिना प्रिव्हालोव्हा १९९३ मध्ये माद्रिदला ६.९२ पळाली. १९९५ मध्ये पुन्हा माद्रिदलाच, पुन्हा ६.९२. त्यानंतर किती पिढ्या त्या गाद्यांवर आदळून गेल्या, पण आकडा हलला नाही. २०२३ मध्ये सेंट लुसियाची ज्युलियन अल्फ्रेड ६.९४ पर्यंत आली, तीही त्याच अल्बुकर्कीत. छप्पर होतं, विरळ हवा होती, तरी दोन शतांश सेकंद कमी पडले. पुढच्या वर्षी शंभर मीटरचं ऑलिंपिक सुवर्ण तिनं पॅरिसला जिंकलं ते उघड्यावर, भर पावसात, ओल्या ट्रॅकवर.