पांडादर्शन: मोहोपाडेकरांसाठी अधिकृत मार्गदर्शिका

चीनला जाऊन पांडा बघावा अशी इच्छा मोहोपाड्यात साधारणपणे निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या वर्षी होते. पहिलं वर्ष फंडाचे पैसे कुठे ठेवायचे यात जातं आणि तिसऱ्यापासून गुडघे बोलू लागतात. मधलं एकच वर्ष हाताशी आहे हे ध्यानात ठेवून पुढील सूचना वाचाव्यात.

आधी प्राण्याची ओळख. पांडा हे अस्वल आहे, पण घरात विषय काढताना हा शब्द उच्चारू नये. "अस्वल बघायला एवढे पैसे?" या प्रश्नावर आजवर कोणत्याही ट्रॅव्हल कंपनीला उत्तर सुचलेलं नाही. पांडाचं आतडं मांसाहारी प्राण्याचं, पण खातो बांबू. त्यातलं पचतं फार थोडं, म्हणून दिवसाचे बारा-चौदा तास खातच बसतो. काही दिवशी हे खाणं तीस किलोच्याही वर जातं. मोहोपाड्याच्या बाजारात पावसाळ्यात ठाकर-कातकरी बायका बांबूचे कोवळे कोंब, म्हणजे वास्ते, घेऊन बसतात. तेव्हा खाण्याच्या बाबतीत आपण पांडाला अगदीच परके नाही, हा मुद्दा घरच्या बैठकीत अवश्य मांडावा.

कुणी उत्साही गृहस्थ म्हणतील, आपण कशाला जायचं, वासांबे-मोहोपाडा ग्रामपंचायतीत ठराव करून पांडाच इकडे आणू. त्यांना शांतपणे समजवावं की चीन पांडा विकत नाही, परदेशाला भाड्यानं देतो. जोडीचं वर्षाचं भाडं 10 लाख डॉलरपर्यंत जातं आणि पिल्लू झालं तरी ते चीनचंच. आपल्या अकरा महिन्यांच्या करारापेक्षा हा करार बराच कडक आहे.

जायचं कुठे? सिचुआन प्रांतातल्या चेंगडूला. तिथलं पांडा संशोधन केंद्र 1987 साली रानातून वाचवून आणलेल्या सहा पांडांवर सुरू झालं. रानातलाच पांडा बघण्याचा हट्ट धरू नये. चीनच्या चौथ्या गणनेत रानात 1,864 पांडा भरले आणि ते धुक्यातल्या उभ्या डोंगरांत राहतात. केंद्रातल्या पांडाला निदान पत्ता आहे आणि जेवणाची वेळही आहे.

प्रवासाबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानं उडू लागली. तेव्हापासून सारं जग पळस्पे फाट्याच्या थोडं पुढे आहे असं मोहोपाड्यात मानलं जातं. विमानतळ शेजारी आला म्हणून चीन शेजारी येत नाही. खरं तर चीन आधीपासूनच शेजारी आहे, पण या शेजाऱ्याकडे जायला व्हिसा लागतो. दोन्ही देशांतली थेट विमानं 2020 पासून बंद होती, ती 2025च्या ऑक्टोबरात कुठे पुन्हा सुरू झाली.

जेवण: चेंगडूत शेजवान चटणी मागू नये. नाक्यावरच्या चायनीजच्या गाडीवर जे लाल मिळतं, त्याचा सिचुआनला पत्ता नाही. तिथल्या मिरीनं जीभ बधिर झाली तर डॉक्टर शोधत फिरू नये. ती आपल्या तिरफळाची चुलत बहीण. ज्यानं बांगड्याचं तिखलं खाल्लंय, त्यानं घाबरायचं कारण नाही.

आता मुख्य टप्पा, सराव. तो कर्नाळ्याला करावा. मोहोपाड्याच्या पश्चिमेला ज्याचा अंगठा वर आलेला दिसतो, तोच हा कर्नाळा. 1968 साली इथे पक्षी अभयारण्य झालं तेव्हा ते साडेचार चौरस किलोमीटरचंही नव्हतं. 2003 मध्ये वाढून बारा चौरस किलोमीटरवर गेलं. एवढी जागा आपल्या सरावाला पुरेशी आहे.

पहिली चाचणी वेळेची. पांडा सकाळी खातो, मग झोपतो. उन्हाळ्यात पारा सव्वीस अंशांच्या वर गेला की त्याला वातानुकूलित खोलीत घेतात. म्हणजे फाटक उघडताना जो हजर, त्यालाच पांडा. आपली मंडळी कर्नाळ्याला कशी जातात? सातला निघायचं ठरतं, नवाला एकजण अंघोळीला जातो, दहाला सगळे नाश्त्यासाठी हायवेवर थांबतात आणि साडेअकराला फाटकावर विचारतात, "पक्षी कुठे ठेवलेत?" या वेळापत्रकानं चेंगडूला गेल्यास काचेपलीकडे पांडाची पाठ दिसेल. तीही बरी दिसते, पण तेवढ्यासाठी व्हिसा काढू नये.

दुसरी चाचणी अवघड आहे. पायवाटेच्या कडेला दगडावर अर्धा तास बसायचं, न बोलता. स्पीकर नाही, वेफर्सची पिशवी नाही, "अगं ते बघ, गेलं" नाही. बहुतेक कुटुंबं चौथ्या मिनिटाला फुटतात. जी टिकतात त्यांना सातभाईंचं भांडण ऐकू येतं, भृंगराजाच्या शेपटीच्या दोन तारा दिसतात आणि पावसाळ्यात नशीब असेल तर तिबोटी खंड्या. हा रायगडचा जिल्हा पक्षी, वजनानं वीस ग्रॅमच्या आतबाहेर. ओढ्याकाठच्या मातीत बीळ करतो आणि पिल्लांना खेकडे, सापसुरळ्या, बेडकं भरवतो. पांडाच्या पंज्याला पाच बोटं असतात आणि शिवाय मनगटाचं हाड वाढून झालेला एक खोटा अंगठा, बांबू धरायला. या बिचाऱ्या खंड्याच्या पायाला बोटं तीनच. पण तो दिसतो त्याचं श्रेय तिकिटाला जात नाही, गप्प बसण्याला जातं. घरट्यासमोर मोठ्या लेन्सा रोखून ठाण मांडणारे मात्र याही चाचणीत नापास. त्यांच्यामुळे आई-बाप घास घेऊन फांदीवरच अडकून राहतात.

प्रत्यक्ष पांडासमोरचं वर्तन. हाक मारू नये, टाळ्या वाजवू नयेत, केळं दाखवू नये. 2020 साली जन्मलेली हुआ हुआ ही चेंगडूच्या केंद्रातली लाडकी. तिच्यापुढे मोठी रांग लागते आणि काही मिनिटांतच पुढे सरकवतात. लालबागच्या रांगेत उभं राहिलेल्याला हे नवीन नाही. फक्त इथे चरणस्पर्शाची रांग नाही, सगळ्यांना मुखदर्शनच. ओळखीचा कार्यकर्ता शोधू नये.

दोन्ही चाचण्यांत जे उत्तीर्ण होतील त्यांनी खुशाल व्हिसाचा अर्ज भरावा. बाकीच्यांचे पासपोर्ट घरच्यांनी कपाटात कुलूप लावून ठेवावेत. तिबोटी खंड्या पहिल्या पावसाबरोबर येतो, फेरपरीक्षा जूनमध्ये.