घरीच करू!

परप्रांतातल्या प्रत्येक मराठी मंडळात गणपतीचं मखर एक आणि "घरीच करू" म्हणणारे काका एक, असा हिशेब ठरलेला. चंदीगडचे आमचे काका हवाई दलातून निवृत्त झाले. नोकरीची शेवटची वर्षं इथल्याच थ्री बीआरडीत, म्हणजे जिथे एमआय-१७ हेलिकॉप्टरं उघडून पुन्हा जोडतात तिथे गेली. अशा माणसाला जुनी मारुती ८०० म्हणजे रुखवतातलं खेळणं.

जानेवारीच्या धुक्यात हे खेळणं एका गोल चौकाच्या कठड्यावर चढलं. (या शहरात गोल चौक इतके, की धुक्यात एखादा अंगावर यायचाच.) पत्र्याला ओरखडा नाही, पण डावं चाक फेंगडं. नकल वाकली होती. नकल म्हणजे पुढच्या चाकाचा घोटाच म्हणा ना! पोटात बेअरिंग, डोक्यावर शॉकअप, पायाशी बॉल जॉइंट, आणि टायरॉड हिलाच ओढून चाक वळवतो.

मणिमाजऱ्याच्या मोटार मार्केटात काकांनी दरडावून विचारलं, "नकल असली है?"

"अंकलजी, एकदम असली नकल. नकली नकल हम रखते ही नहीं."

शनिवारी सकाळी मला बॅटरी धरायला बोलावणं आलं. एक्सलचा नट सुटताना चाक फिरू नये म्हणून काकू ब्रेक दाबून गाडीत बसल्या होत्या, मांडीवर पातेलं, हातात मटार. इथे थंडीत मटार किलोने नाही, पिशवीने येतो. काकांनी पान्यावर हातभर पाइप चढवला आणि लोंबकळले. नट हलला. काकूंनी मान वर केली नाही. चाळीस वर्षांच्या संसारात असे नट त्यांनी बरेच पाहिले असावेत.

मग टायरॉड. त्याची पिन निमुळती, नकलेच्या डोळ्यात रुतून बसलेली. काकांनी पिनेला हात लावला नाही. डोळ्याच्या बाजूवर हातोडी मारत राहिले. नवव्या घावाला टण्ण करून दांडा आपोआप खाली आला. शेजारचे सरदारजी चहा घेऊन आले नि म्हणाले, "मिस्त्री बुला लो जी." काकांनी फक्त चहा घेतला.

नव्या नकलेत बेअरिंग नव्हता, आणि तो बसवायला प्रेस लागतो. पुन्हा मणिमाजरा. "काम घरचंच," काकांनी मला बजावलं, "बाहेरून फक्त दाब आणलाय."

मी त्यांना चिक्कू समजत होतो. ते चूक होतं. सुटलेल्या नटांच्या जुन्या स्प्लिट पिना चांगल्या दिसत होत्या. मी त्याच पुढे केल्या, तर काका असे बघू लागले, जणू मी उष्टं वाढलं. एकदा वाकवलेली पिन पुन्हा वापरायची नाही. खिशातून नव्या काढल्या, टोकं वाकवली, बोटाने चाचपली. दुसऱ्याने आवळलेल्या नटावर या माणसाला झोप लागत नाही, एवढंच.

शेवटी हत्यारांची मोजणी. मोजणी जुळल्याशिवाय विमान उडत नाही, मग मारुती कशी हलणार? सतराचा पाना कमी. सगळं अंगण पालथं घातलं, मला खिसे उलटे करायला लावले. नकल बदलल्यावर चाकं सरळ लावून घ्यायची होती, पण अलाइनमेंटवाल्याचं दुकान तोवर बंद झालं.

पाना रात्री सापडला, मटारच्या पातेल्यात.