किती पानांची?

वर्षभर रोज एक कथा वाचण्याचा संकल्प सोडणाऱ्या, आणि त्यापायी कथेपेक्षा आकड्याला अधिक मान देऊ लागणाऱ्या वाचकास येथे ‘कथाव्रती’ म्हटले आहे. घरोघरी, कचेऱ्यांत आणि सार्वजनिक वाचनालयांत तो इतका सर्रास आढळतो की त्याची निराळी ओळख करून देण्याचे वास्तविक कारण नाही. पाडव्याला किंवा १ जानेवारीला व्रतारंभ होतो, ३६५ रकाने आखलेली वही सिद्ध होते, आणि तेथून पुढे कोणत्याही कथेविषयी त्याला एकच जिज्ञासा उरते: “किती पानांची?”

फळीवरून काढलेला कथासंग्रह तो मागून उघडतो, शेवटच्या पानाच्या आकड्याला अनुक्रमणिकेतील कथांच्या संख्येने भागतो, आणि भागाकार आठाच्या वर गेला की पुस्तक निमूटपणे जागच्या जागी सरकवतो. या कसोटीमुळे त्याचे वाङ्मयीन मूल्यमापन समीक्षकांहून बरेच वेगळे झाले आहे. वि. स. खांडेकर त्याला थोर वाटतात ते रूपककथांसाठी, कारण रूपककथा, म्हणजे एखाद्या पशुपक्ष्याच्या किंवा निर्जीव वस्तूच्या आडून जीवनाविषयी काही सुचवणारी गोष्ट, बहुधा थोडक्या पानांत आटोपते. एका बैठकीत चार वाचून तो तीन दिवसांची शिल्लक टाकतो आणि ती लग्नसराईत मोडतो. दिवाकर कृष्णांच्या ‘समाधी व इतर सहा गोष्टी’ या संग्रहाचे नाव त्याला सरळसरळ आठवड्याचे वेळापत्रक वाटते. जी. ए. कुलकर्णी मात्र त्याच्या लेखी संकट होय. ‘रमलखुणा’त ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दोनच दीर्घकथा आहेत (दीर्घकथा म्हणजे कादंबरीच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन आत न शिरणारी कथा), आणि अख्खे पुस्तक संपवून पदरात दोनच दिवस पडणार हे उमगताच एका कथाव्रतीने ‘इस्किलार’चे सहा तुकडे करून सहा रकाने भरले. “बाबा, ही चीटिंग आहे,” असे शाळकरी कन्येने सुनावले, तेव्हा मासिकात कादंबरी क्रमशः छापलेली चालते ना, असा प्रतिप्रश्न करून त्याने पेनाला टोपण लावले.

रात्री पावणेबाराला स्वयंपाकघरात दिवा लागतो तो भुकेने नव्हे, रिकाम्या रकान्याने. सकाळी पत्नीने “काल काय होती गोष्ट?” असे विचारल्यास “पाच पानांची” हे उत्तर मिळते, आणि ते देताना त्याचा चेहरा निष्पाप असतो. त्याच घरातील वृद्ध माता श्रावणात वाराची कहाणी हातात अक्षता धरून वर्षानुवर्षे वाचत आली आहे; तिने वही कधी घातली नाही आणि तिला विचारले तर गोष्ट मात्र सांगता येते.

इतके असूनही या इसमाला निकालात काढणे अवघड जाते, आणि त्याचे कारण त्याच्या याच खोडीत आहे. पुस्तक मागून उघडणाऱ्याच्या दृष्टीस वाचनालयाची तारखांची चिठ्ठी, म्हणजे पुस्तक परत करण्याच्या तारखांचे शिक्के ज्यावर उमटतात तो डकवलेला कागद, सर्वांत आधी पडते. तीवरील अखेरचा शिक्का पुष्कळदा १९९०च्या दशकातला असतो, आणि हिशेबाची सवय असल्यामुळे मधली वर्षे तो तेथल्या तेथे, उभ्याउभ्या मोजतो. काही महिन्यांनी वहीत पानांच्या आकड्याशेजारी आणखी एक बारीक आकडा दिसू लागतो, ज्याचा खुलासा तो घरात करीत नाही. आठ पानांची अटही पुढेपुढे सैल होत जाते, विशेषतः ज्या पुस्तकाची वर्षे जास्त भरतात त्याच्या बाबतीत.

चिठ्ठीवर एखादीच ओळ शिल्लक असेल तर त्याच्या शिक्क्याने ती भरते आणि ग्रंथपाल नवी चिठ्ठी काढतात. तेव्हा जुनी झाकली जाऊ नये म्हणून हा गृहस्थ, मागे खोळंबलेल्या रांगेची पर्वा न करता, डिंक फक्त वरच्या कडेला लावायला सांगतो.