बंगळुरूत दाब कसा मोजावा: नवख्यांसाठी

प्रथम स्वयंपाकघरातला गॅस सिलिंडर गाठा. त्यावर 14.2 किलो असे लिहिलेले असते. हे आतल्या गॅसचे वजन. दाबाशी त्याचा काडीचा संबंध नाही. तरीही आकडा पाठ करा. कारण योगायोग असा, की एक किलो दाब, म्हणजे चौरस सेंटीमीटरवर एक किलो, भरतो 14.2 पीएसआय. एक बार 14.5, आणि समुद्रसपाटीवरची हवा 14.7. या दशांशांवरून इंजिनिअरांना भांडू द्या, तुम्ही तिघांनाही ‘एक’ म्हणा. पास्कलच्या नादी लागू नका. टेबलावर पडलेला झेरॉक्सचा कोरा कागद खाली साधारण 0.8 पास्कल दाब देतो, एवढाच त्याचा जीव. एका बारला एक लाख पास्कल लागतात.

आता गाडी काढा. पंक्चरवाल्याला ‘गाळि चेक माडि’ म्हणा आणि आकडा सांगा: बत्तीस. एकक उच्चारायचे नाही, त्याने उगाच संशय येतो. गाडीच्या दारावरच्या स्टिकरवर 220 छापले असेल तर ते किलोपास्कल आहेत. सातने भागा आणि उत्तर किंचित वर ढकला. 220 हवा मात्र मागू नका.

डॉक्टरांचे 120 म्हणजे पाऱ्याचे मिलिमीटर. 52 ने भागलेत की 2.3 पीएसआय येतात. उलट्या बाजूने पाहिले तर तुमच्या टायरचे बीपी साडेसोळाशेच्या वर आहे. हा शोध डॉक्टरांना सांगू नये. ते पट्टा पुन्हा बांधतात.

मोबाइलमध्ये दाबमापक असेल तर तो 910 हेक्टोपास्कलच्या आसपास दाखवेल. घाबरू नका. 1999 च्या ओडिशातल्या महाचक्रीवादळाच्या केंद्रात 912 होते हे खरे, पण ते समुद्रावर. तुम्ही समुद्रापासून सुमारे 920 मीटर उंचावर आहात, डोक्यावरची हवाच तेवढी कमी. हवामानाचे ॲप त्याच वेळी 1012 सांगत असेल, तर तेही खोटे नाही. ते तुम्हाला कागदोपत्री समुद्रकिनारी उतरवून मोजते.

इथे कुकरचा प्रश्न येतो, आणि नवखा हमखास इथेच अडतो. दादरहून आई फोनवर सांगते, तुरीच्या डाळीला तीन शिट्ट्या. शिट्टी हे एकक नव्हे. शिट्टीचे वजन साधारण एक किलो दाबाला उचलले जाते, पण हा एक किलो बाहेरच्या हवेच्या वर. दादरला बाहेरची हवा धरून आत दोन बार होतात, इथे 1.9. म्हणजे आतली वाफ 120 अंशांपेक्षा दीडेक अंश थंड. उघड्या पातेल्यात तर पाणी 97 लाच उकळते. हे सगळे आकडेमोडीसह आईला समजावून सांगा. ती शांतपणे ऐकून घेईल आणि म्हणेल, ‘मग चार कर.’ वाफेचे तक्ते उघडून बसलात तरी उत्तर याहून फार वेगळे येत नाही.

राहिले पाणी. दहा मीटर उंचीचे पाणी म्हणजे एक किलो दाब. या शहराला कावेरी शंभरेक किलोमीटरवरून, तीन टप्प्यांत पंप करून, जवळजवळ अर्धा किलोमीटर वर चढवून आणावी लागते. नळातल्या घर्षणाचा हिशोब सोडला तरी हे पन्नास किलो झाले, म्हणजे सातशेच्या वर पीएसआय. एवढ्या थाटात आलेले पाणी तुमच्या गच्चीवरच्या टाकीत पडते, आणि तिथून पुढे मोजदाद शून्यापासून. म्हणून सगळ्यांत वरच्या मजल्यावरचे घर भाड्याने घेताना मालकाला ‘प्रेशर कसे आहे?’ विचारू नका. ते नेहमीच छान असते. टाकीतले पाणी शॉवरपासून किती फूट वर आहे ते विचारा, 33 ने भागा, म्हणजे किलो मिळतील. उत्तर 0.3 च्या खाली आले, तर बादली आणि तांब्या आणा.